एक तारखेचे पान

कवींना स्फूर्ती केव्हा आणि कोठे होते, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणास ती पहाटे होते, कोणास प्रवासात, तर कोणास म्हणे उधारी थकल्यावर. आम्ही कवी नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत टेबलाच्या अलीकडच्या बाजूस बसून एका कागदाचे रूपांतर दुसऱ्या कागदात करणे हा आमचा व्यवसाय. तरीही आम्हांस स्फूर्ती होते, आणि सरकारी नोकरास शोभेल अशा नियमितपणे ती महिन्यातून एकदाच होते. दर महिन्याच्या एक तारखेस सकाळी, चहाचा पेला हातात धरून, स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीवरील दिनदर्शिकेचे पान उलटताना ती होते. पगार नुकताच जमा झालेला असतो, हेच या स्फूर्तीचे खरे कारण असावे, अशी आमच्या सौभाग्यवतींना शंका आहे. शंकेचे निरसन करण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. चहा थंड होतो.

वस्तू घडविण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाचा विचार करावा, त्याचा हात कसा वळतो, त्याचे डोळे किती अधू आहेत, त्याला घाई किती आहे, हे पाहावे आणि मग वस्तू घडवावी, या साध्या गोष्टीस आज शास्त्राचे रूप आले आहे. तिच्या पदव्या आहेत आणि तिच्यावर पोट भरणारी तरुण मंडळीही आहेत. आपल्या देशात या शास्त्राच्या मुळाशी एक तांब्या आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे हिंडून एक अहवाल सादर केला. त्यात त्यांनी मनापासून प्रशंसा केली ती कोणत्या राजवाड्याची नव्हे, तर आपल्या रोजच्या लोट्याची. तो कमरेवर कसा टेकतो, डोक्यावर कसा राहतो, ओतताना कसा कलतो, आतून घासताना हात जातो की नाही, त्याची किंमत किती पडते, अशा अनेक प्रश्नांना त्या एका आकाराने कसे उत्तर दिले आहे, हे त्यांनी मोठ्या कौतुकाने मांडले. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. आमच्या मते त्या दांपत्याने आणखी एक वस्तू पाहावयास हवी होती. परंतु तिचा जन्म त्यानंतर पंधरा वर्षांनी व्हावयाचा होता, तेव्हा त्यांना दोष देणे बरे नव्हे.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले. त्यापूर्वी मराठी घरात काळाची दोन खाती होती. एक पंचांग, ते बासनात असे, आणि त्यातील आकड्यांचे रकाने उलगडण्यास जोशीबुवा लागत. दुसरे कॅलेंडर, ते वाण्याकडून किंवा कापडवाल्याकडून फुकट मिळे, त्यावर लक्ष्मी किंवा बाळकृष्ण असे, आणि त्या चित्राच्या पायाशी इंग्रजी तारखा दाटीवाटीने उभ्या असत. साळगावकरांनी चित्र काढून टाकले आणि पंचांग भिंतीवर टांगले. समोरच्या भिंतीवरून वाचता येईल एवढा मोठा देवनागरी आकडा, त्याच्याखाली बारीक ठशात तिथी, सुटीस तांबडा रंग, आणि पानाच्या पाठीवर वाचावयास लेख, पाककृती नि औषधोपचार. ज्यास तारीख पाहिजे त्याने दुरून पाहावे. ज्यास तिथी पाहिजे त्याने जवळ यावे. एकाच कागदावर दोन माणसांची सोय, आणि एकाची दुसऱ्यास अडचण नाही. पाठीवरचा मजकूर त्या त्या महिन्यातच वाचावा अशी अपेक्षा असावी. पण आमची आई जानेवारीतच पाने उचलून डिसेंबरपर्यंतचा मजकूर वाचून काढी, आणि मग उरलेले अकरा महिने मागील मजकूर पूर्वीसारखा राहिला नाही अशी तक्रार करी.

परंतु त्या पानाचा सर्वांत मोठा गुण याहून निराळा आहे. आकडा आणि तिथी छापून झाल्यावरही प्रत्येक चौकटीत थोडी पांढरी जागा उरते. घडविणाऱ्याने तेथे हात आवरला आहे. आमच्या घराचा तीस वर्षांचा इतिहास त्या उरलेल्या जागेत लिहिला गेला.

आमचे बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात पाळीने काम करीत. येथे न आलेल्या वाचकांसाठी सांगतो: भिलाई हे गाव वाढत वाढत झालेले नाही, ते कागदावर आखून मग जमिनीवर उतरविलेले आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीबरोबर वसाहत आली, आणि वसाहतीत आळ्या नि पेठा नव्हत्या. सेक्टर होते, क्रमांकाचे रस्ते होते, क्रमांकाची घरे होती. सेक्टर, रस्ता, क्वार्टर असा तीन आकड्यांचा आमचा पत्ता होता. “आपल्या घराला नाव नाही, तारीख आहे,” असे बाबा म्हणत. एकदा पेटलेली झोतभट्टी रात्री विझवून सकाळी पुन्हा पेटविता येत नाही. म्हणून तेथे माणसे बदलतात, काम थांबत नाही. बाबांची पाळी बदलत जाई: सकाळ, दुपार, रात्र. ती पाळी ते महिन्याच्या आरंभी दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवीत. कोपऱ्यात ‘स’, ‘दु’, ‘रा’. त्या एका अक्षरावरून आईस कळे की उद्या डबा किती वाजता हवा. आम्हांस कळे की आज दुपारी घरात आवाज करावयाचा की नाही. ‘रा’ असलेल्या दिवसानंतरची दुपार म्हणजे आमचे मौनव्रत.

याच प्रश्नास रशियात एकदा फार मोठे उत्तर काढण्यात आले होते. यंत्रे क्षणभरही थांबू नयेत म्हणून १९२९ साली सोव्हिएत सरकारने आठवडाच पाच दिवसांचा केला. सर्वांना एकच सुटी, ही पद्धत मोडली. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटास एकेक रंग दिला आणि प्रत्येक रंगास वेगळ्या दिवशी सुटी दिली. यंत्रांची सोय उत्तम झाली. मात्र नवऱ्याचा रंग पिवळा आणि बायकोचा तांबडा निघाला, तर दोघांना एकत्र जेवावयास दिवस उरेना. १९३१ साली ती योजना बदलून सहा दिवसांचा आठवडा आला, आणि १९४० साली मुकाट्याने सात दिवस परत आले. ज्या देशाने आठवडा मोडून पाहिला, त्याच्याच मदतीने उभारलेल्या कारखान्यात आमचे बाबा आठवडा जसाच्या तसा ठेवून कोपऱ्यात एक अक्षर लिहीत होते. कोणाची युक्ती अधिक टिकली हे आम्ही सांगावयास नको.

अक्षराच्या बाजूस दुधाचे माप असे. गॅसची टाकी कोणत्या दिवशी लावली, आमची सहामाही परीक्षा, ताईचे पत्र, धोब्याचे कपडे, सारे त्या चौकटीत. आणि दर जानेवारीत पहिल्या पानाच्या वरच्या कोऱ्या पट्टीत बाबांच्या हातची एक ओळ असे: ‘चंद्रोदय वजा ३४’. आई संकष्टी करते. तिच्या दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ मुंबईची. मुंबईपेक्षा भिलाई रेखांशाने सुमारे साडेआठ अंश पूर्वेस, अंशास चार मिनिटे या हिशेबाने चंद्र आमच्याकडे अर्ध्या तासाहून थोडा आधी उगवतो. उपाशी माणसास चौतीस मिनिटे लहान नसतात. बाबांचा स्वतःचा उपास कधीच नसे. परंतु आईचा उपास चौतीस मिनिटे लवकर सुटावा म्हणून त्यांनी भूगोल उकरून काढला होता.

आता आमची गोष्ट. २०२० च्या सप्टेंबरात केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने आदेश काढला की, पुढील वर्षासाठी मंत्रालये, विभाग, सार्वजनिक उपक्रम आणि बँका यांनी भिंतीवरची कॅलेंडरे, रोजनिशा वगैरे छापू नयेत. जे करावयाचे ते संगणकावर करावे. २०२१ साली आमच्या कचेरीत खिळा राहिला आणि कॅलेंडर गेले. आम्हांस त्याचे काही वाटले नाही. उलट आम्ही तिशी ओलांडलेले, फोनमध्ये सारे जग बाळगणारे गृहस्थ. कागदाचा जमाना संपला असे आमचे मत बनले, आणि मत बनल्यावर ते अमलात आणण्यास भिंत शोधू लागलो. ती घरात सापडली.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बाबा गेले. थोडे दिवस रुग्णालयात होते. बुधवारी, २४ तारखेस, पहाटे गेले. नेहमीचे मराठी गुरुजी त्या आठवड्यात परगावी होते, म्हणून सारे विधी इकडच्या एका पंडितजींनी केले, आणि फार आस्थेने केले. जाताना त्यांनी एका चिठ्ठीवर तिथी लिहून दिली: ‘अगहन कृष्ण ५’. आम्ही कारकून. हिंदी कागदाचा मराठी कागद करणे हे तर आमच्या हातचे काम. अगहन म्हणजे मार्गशीर्ष, कृष्ण म्हणजे वद्य. ‘मार्गशीर्ष वद्य ५’ अशी नोंद फोनमध्ये करून आम्ही स्वतःच्या नीटनेटकेपणावर, त्या दुःखातही, किंचित समाधान पावलो.

पुढच्या जानेवारीत घराला रंग दिला. भिंत अगदी गुळगुळीत झाली. तिच्यावर पुन्हा खिळा ठोकावयाचा म्हणजे आम्हांस पाप वाटले. जुनी दिनदर्शिका गुंडाळून आधीच्या भेंडोळ्यांबरोबर माळ्यावर टाकली आणि आईच्या फोनमध्ये एक पंचांग उतरवून दिले. आईने ते एकदा उघडले. त्यात जाहिरात आली. आईस वाटले काही तरी बिघडले. तिने फोन उपडा ठेवला. त्यानंतर तिने तारीख विचारली ती आम्हांस, किंवा आमच्या सौभाग्यवतींना, किंवा दूधवाल्यास. संकष्टीच्या दिवशी ती गच्चीत जाऊन प्रत्यक्ष चंद्राची वाट पाही. आम्हांस वाटले, मोकळ्या हवेत बसावयास जाते.

२०२२ च्या ऑक्टोबरात वर्षश्राद्धाची तयारी सुरू केली. फोनला विचारले; मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार, १३ डिसेंबर. रजेचा अर्ज दिला, तो मंजूर झाला. पुण्याहून ताईने गाडीचे आरक्षण केले. आईस सांगितले तेव्हा ती भाजी निवडीत होती. ती म्हणाली, “डिसेंबरात कसे रे? गेल्या वर्षी नोव्हेंबर होता. तिथी मागे यायला हवी ना?” तिचे बरोबर होते. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे. साध्या वर्षात तिथी इंग्रजी तारखेच्या अकरा दिवस मागे सरकते. आम्ही मात्र कशाचाही शोध न घेता सांगून टाकले, की मध्ये अधिक महिना आला असेल. वस्तुतः त्या वर्षी अधिक मास नव्हताच. तो पुढच्या वर्षी श्रावणात यावयाचा होता. आईने पुन्हा विचारले नाही. “तुम्ही शिकलेली माणसे,” म्हणून ती भाजी निवडू लागली. या वाक्यात उपरोध होता की विश्वास, हे तेव्हा कळले नाही. विश्वास होता, म्हणूनच ते आता अधिक लागते.

१० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी आम्ही कचेरीस निघण्याच्या गडबडीत होतो. आई फाटकापाशी उभी राहून शेजारच्या अंगणाकडे पाहत होती. शेजारच्या बाई मूळच्या दुर्गकडच्या, छत्तीसगढी. अगहनच्या दर गुरुवारी त्या लक्ष्मीची पूजा मांडतात, आणि दारापासून देवापर्यंत तांदळाच्या पिठाने चौक पुरतात. आपल्याकडे मार्गशीर्षातील गुरुवार असतात तोच प्रकार. आई आत आली. तिचा आवाज स्थिर होता.

“त्यांचा आज अगहनचा पहिला गुरुवार. गेल्या वर्षी त्यांचा पहिला गुरुवार आला तेव्हा तुझे बाबा जाऊन एक दिवस झाला होता. मला लख्ख आठवते. त्यांनी त्या दिवशी चौक पुरला नव्हता. आपल्याकडे वरणभाताचे पातेले घेऊन आल्या होत्या. आणि आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी माझी अंगारकी होती. मग तुझा डिसेंबर कुठून आला? मला ते गेल्या वर्षीचे कॅलेंडर काढून दे.”

आम्ही माळ्यावर चढलो. भेंडोळे उलगडले. नोव्हेंबरचे पान.

त्या पानाविषयी लिहिताना हात थोडा अडखळतो. १४ तारखेपर्यंत बाबांच्या हातचे दुधाचे माप होते. पंधराव्या चौकटीत आईच्या वेड्यावाकड्या अक्षरांत ‘दवाखाना’. मग काहीच नाही. २३ च्या चौकटीत छापलेली अंगारकी. २४ च्या चौकटीत हाताने लिहिलेले एक अक्षरही नव्हते, आणि आकड्याखाली बारीक ठशात होते: कार्तिक वद्य पंचमी. त्यापुढे महिनाअखेरपर्यंतच्या चौकटी पांढऱ्या. दूध तर त्या दिवसांतही येत होते.

चूक आमची होती, पंडितजींची नव्हे, आणि फोनचीही नव्हे. इकडे महिना पौर्णिमेस संपतो. आपल्याकडे तो अमावास्येस संपतो. शुक्ल पक्षात दोघांचे महिन्याचे नाव एकच असते. पौर्णिमा उलटली, की शेजाऱ्यांचा पुढचा महिना लागतो आणि आपला मात्र तोच महिना पंधरा दिवस अधिक चालतो. म्हणून आपली कार्तिक वद्य पंचमी तीच त्यांची अगहन कृष्ण पंचमी. आमचे भाषांतर शब्दास शब्द बरोबर होते, आणि एका महिन्याने चुकले होते. आम्ही जन्मापासून येथे राहिलो. हा भेद आमच्या ध्यानात कधी आला नव्हता, कारण सण एकाच दिवशी येतात. श्रावणी अमावास्येस आपला पोळा, भादोच्या अमावास्येस त्यांचा पोरा; बैल तेच, दिवस तोच, महिना निराळा. शिवरात्र आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली. गोकुळअष्टमी आपली श्रावणातली, त्यांची भादोतली. एका दिवसाची दोन नावे घेऊन दोन घरे शेजारी शेजारी सुखाने नांदतात. दिवसाचे नाव कागदावर उतरवून एकाने दुसऱ्यास दिले, की घोटाळा सुरू होतो.

यात तिसरे नाव सरकारचे आहे. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली. देशात तेव्हा सुमारे तीस प्रकारच्या कालगणना चालत होत्या. समितीने १९५५ साली अहवाल दिला, आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय शक दिनांक सुरू झाला. साहा त्यापूर्वी वर्षभर आधीच निवर्तले होते. रचना म्हणून पाहिली, तर ती अतिशय स्वच्छ आहे: वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचे महिने ३१ दिवसांचे, आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचे ३० दिवसांचे, चैत्र ३० चा आणि प्लुत वर्षी ३१ चा. वद्य नाही, क्षय नाही, अधिक नाही. राजपत्रावर तो दिनांक छापलेला असतो. आम्ही इतकी वर्षे सरकारी कागद चाळतो. परंतु कोणी माणसाने आपल्या हाताने तो लिहिलेला फारसा पाहिला नाही. त्या हिशेबाने बाबा गेले तो दिवस ३ अग्रहायण १९४३. हेही नाव बरोबरच. त्या दिनांकावर कोणाचे श्राद्ध मात्र होत नाही.

कार्तिक वद्य पंचमी म्हणजे १३ नोव्हेंबर, रविवार. हाती तीन दिवस होते. मंजूर झालेली रजा एक महिना पुढची होती; सुदैवाने रविवारास रजा लागत नाही. गुरुजी मिळाले. ताईस पुण्याहून एवढ्या ऐनवेळी आरक्षण मिळाले नाही, आणि तिच्या मुलीची परीक्षा होती. ती फोनवर रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. “मी डिसेंबरचे तिकीट रद्द करीत नाही,” एवढेच म्हणाली. डिसेंबरात ती आली. १३ तारखेस घरात श्राद्ध नव्हते, काहीच नव्हते. नेहमीचा मंगळवार होता. दुपारी तिने ते भेंडोळे मागून घेतले. नोव्हेंबरच्या पानावर ती थोडाच वेळ थांबली. मग एकेक पान मागे उलटीत ऑक्टोबरवर आली. दसऱ्याच्या चौकटीत बाबांनी लिहिले होते: ‘ताई. स्टेशन ५.१०.’ ते ती बराच वेळ पाहत बसली. त्यानंतर तिने आणि आईने मिळून १९९० पासूनची सारी भेंडोळी काढली आणि दोघी संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून राहिल्या. मधूनच हसण्याचा आवाज येई. आमचे नाव निघाले, की आम्ही आत डोकावून येत असू.

तेव्हापासून आमची ती एक तारखेची स्फूर्ती. नव्या महिन्याचे पान उलटले, की आम्ही मनाशी एक वस्तू ठरवितो, आणि महिनाभर तिच्याकडे त्या चौकटीच्या दृष्टीने पाहतो: ही कोणाच्या हातासाठी केली आहे, आणि त्या हाताला तिने किती जागा सोडली आहे? एका महिन्यात कचेरीच्या पाण्याच्या पिंपाची तोटी पाहिली. दुसऱ्या महिन्यात बसचा पायदान. बहुतेक वेळा नुसते पाहणेच होते. २०२३ च्या नोव्हेंबरात मात्र थोडे करणेही झाले. नोव्हेंबर हा निवृत्तांचा महिना. आपण जिवंत आहोत, हे कागदावर सिद्ध करून देण्यास म्हातारी माणसे त्या महिन्यात निरनिराळ्या खिडक्यांपुढे उभी राहतात, आणि त्यांतली काही वाट चुकून आमच्या खिडकीपाशीही येतात. त्यांच्या हातातल्या अर्जावर तारखेसाठी आठ चिमुकल्या चौकटी असतात. थरथरत्या हाताचा एक आकडा दोन चौकटी खातो. अर्जाचा नमुना ठरलेला. तो बदलण्याचा अधिकार आम्हांस तर नाहीच, पण आमच्या बडे बाबूंनाही नाही. भिंतीवरची सूचना मात्र आमच्या हातची होती. ती पूर्वी एकाच ठशात सतरा ओळींची होती. आम्ही ती पाच ओळींची केली. तारीख आणि खिडकीचा क्रमांक वीतभर उंचीचे, आणि खाली अर्धा कागद कोरा. संगणकावर ज्या ‘मंगल’ ठशात ती लिहिली, तो रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी कवीने आणि अक्षरकाराने घडविलेला आहे, ही गोष्ट आम्ही बडे बाबूंना अभिमानाने सांगितली. ते म्हणाले, “ठीक आहे, पण खाली एवढा कागद वाया का घालविला?” चौथ्या दिवशी त्या कोऱ्या भागात कोणीतरी पेन्सिलीने रिक्षावाल्याचा क्रमांक लिहून ठेवला. पाचव्या दिवशी त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘दुपारी गर्दी नसते’. बडे बाबू संतापले. आम्ही सूचना बदलण्याचे कबूल केले आणि डिसेंबर उजाडेपर्यंत ते विसरलो.

१ जानेवारी २०२३ ची हकीगत सांगावयाची राहिली. नागपूरहून येणाऱ्या एका स्नेह्याकडून दिनदर्शिका मागविली होती, कारण मराठी दिनदर्शिका येथे हाक मारली की मिळत नाही. गुळगुळीत भिंतीवर खिळा ठोकला. रंगाचा एक टवका उडाला तो अजून तसाच आहे. आईने चष्मा लावून जानेवारी पाहिला आणि १० तारखेवर बोट ठेवले. मंगळवार होता, पहिलीच संकष्टी, आणि तीही अंगारकी. मग तिने वरच्या कोऱ्या पट्टीकडे पाहिले. ती काही बोलली नाही. आम्ही पेन काढले आणि ‘चंद्रोदय वजा ३४’ असे लिहिले. आईने मान मागे घेऊन, पुढे आणून, पुन्हा मागे घेऊन ते वाचून पाहिले.

“एवढे बारीक कोण वाचणार?” ती म्हणाली. “मोठे लिही.”